वेगातून वीज

२४ फेब्रुवारी २०१७. खलाशी कॉनराड कोलमनची होडी फ्रान्सच्या ले साब्ल-दोलोन बंदरात पोचली, तेव्हा व्हाँदे ग्लोब शर्यतीत तो सोळावा होता. व्हाँदे ग्लोब म्हणजे एकट्याने, कुठेही न थांबता, कुणाची मदत न घेता केलेली पृथ्वीप्रदक्षिणा. खनिज इंधनाशिवाय ही शर्यत पुरी करणारा कोलमन पहिला. ११० दिवसांची वीज त्याने उन्हातून आणि पाण्यातून मिळवली. त्या विजेची रचना जमलेल्या बंदिशीसारखी आहे. सावकाश उलगडावी, तशी ती खुलत जाते.

अशा होडीवर विजेची सर्वांत मोठी भूक ऑटोपायलटची. खलाशी झोपला की सुकाणू तोच सांभाळतो. दक्षिण महासागरात लाटा उसळल्या की होडी सारखी भरकटू पाहते, सुकाणूला विश्रांती उरत नाही आणि बॅटरी झपाट्याने उतरते. नेमकं तेव्हाच अनेकदा आभाळ भरलेलं असतं, नाहीतर सौरपट्ट्यांवर शिडांची सावली असते. पवनचक्कीही तिथे फिकी पडते, कारण वारा पाठीमागून असला की होडी त्याच्याच दिशेने पळते आणि डेकवर तो मंदावलेला लागतो.

इथे हायड्रोजनरेटरची खुमारी कळते. होडीच्या मागे, दांड्याच्या टोकाला, पाण्यात बुडालेला एक लहानसा पंखा. होडी धावली की पाणी त्याला फिरवतं. वाहत्या पाण्यातली शक्ती वेगाच्या घनाच्या प्रमाणात वाढते: वेग दुप्पट, तर शक्ती आठपट. ज्या वाऱ्याने भूक वाढवली, तोच ताट वाढतो! वारा पडला, होडी मंदावली, की सुकाणूचंही काम हलकं होतं आणि ढग विरले असतील तर सौरपट्ट्या हात देतात. एकाची उणीव दुसरा भरून काढतो.

ही वीज फुकट मात्र नाही. पंखा पाण्याला अडवतो, वेगाचा थोडा वाटा घेतो. म्हणून शर्यतीच्या यंत्रांत पात्यांचा कोन बदलता येतो आणि बॅटरी भरली की दांडा वर उचलून घेता येतो. अशी यंत्रं घडवणाऱ्या यानिक बेस्तावेंने पुढे २०२०-२१ची व्हाँदे ग्लोब जिंकली. खलाशाची गरज खलाशानेच ओळखली होती.

या रचनेची खरी कसोटी शेवटी लागली. १० फेब्रुवारीला पोर्तुगालच्या पश्चिमेला कोलमनची डोलकाठी कोसळली आणि होडी मंदावली. वेग निम्म्यावर आला तरी पाण्यातली शक्ती अष्टमांशावर येते. त्यात हिवाळ्याचं कोवळं ऊन. उरलेल्या शिडांची कामचलाऊ जुळणी करून त्याने किनारा गाठला. टाकीभर डिझेल घेऊन निघालेल्याचा विजेचा हिशेब बराचसा बंदरातच ठरतो. कोलमनला तो रोज वारा, लाटा आणि आभाळ वाचून मांडावा लागला. म्हणून त्याच्या होडीवर वीज जपणं हे शीड सावरण्याइतकंच अस्सल दर्यावर्दीपण ठरलं.