वीर आणि त्याच्यामागे उरलेले

अँग्लो-सॅक्सन वीरकाव्य म्हणून आज जे हाती आहे, ते फार थोडे आहे. ३१८२ ओळींचे ‘बेओवुल्फ’ बाजूला ठेवले, तर उरते काय? फिन्सबर्गच्या लढाईचे जेमतेम पन्नास ओळींचे तुटके कवन, कोपनहेगनच्या राजग्रंथालयात १८६० साली सापडलेली ‘वाल्डेरे’ची दोन पाने, एक्सेटरच्या पोथीतली ‘विडसिथ’ आणि ‘डेओर’ ही भाटांच्या तोंडची दोन काव्ये, आणि बऱ्याच उशिराची ‘माल्डनची लढाई’. फिन्सबर्गचे मूळ पान गहाळ झाले. जॉर्ज हिक्सने १७०५ मध्ये छापले होते म्हणून मजकूर तरी वाचला. १७३१ साली पोथ्यांच्या संग्रहाला लागलेल्या आगीत ‘बेओवुल्फ’ची एकमेव पोथी कडांनी होरपळली आणि माल्डनची पोथी जळून गेली, ते काव्य उरले ते आधी करून ठेवलेल्या नकलेमुळे.

इतक्या तुटपुंज्या सामग्रीवरून ‘अँग्लो-सॅक्सन वीर असा असतो’ असे ठोकून सांगणे धाडसाचे आहे, पण अभ्यासकांनी ते वारंवार केले. त्यासाठी रोमन लेखक टॅसिटसचा आधार घेतला गेला. सरदार पडल्यावर त्याच्या माणसाने रणातून जिवंत परतणे ही जन्माची नामुष्की, असे त्याने इ. स. ९८ च्या सुमारास जर्मन टोळ्यांबद्दल लिहिले. माल्डनची लढाई ९९१ ची. मधल्या नऊ शतकांत टोळ्यांची राज्ये झाली, देव बदलले, धर्म बदलला. एका रोमन लेखकाचे वाक्य इतके ताणून काव्यांवर बसवणे मला पटत नाही. काव्येच नीट वाचली, तर वेगळे काही दिसते. या कवींना वीराच्या पराक्रमाचे मनापासून कौतुक आहे, पण त्यांची नजर वीराच्या भोवतीच्या माणसांवरून हटत नाही. त्याच्या पराक्रमाचे मोल कोण चुकते करणार, हा प्रश्न ते सोडत नाहीत.

‘बेओवुल्फ’मधला, डॅनिश राजा ह्रोथगारच्या हेओरोट या महालातल्या दरबाराचा प्रसंग पाहा. ग्रेंडेलचा हात खांद्यापासून उखडला गेला आहे, राक्षस पळाला आहे, मेजवानी रंगली आहे. अशा वेळी भाट गातो ती कथा हिल्डेबुर्हची. ही डॅनिश राजकन्या फ्रीजियन राजा फिनला दिलेली. दोन घराण्यांतले वैर मिटावे म्हणून झालेले लग्न असावे. वैर उफाळते आणि एकाच लढाईत तिचा भाऊ आणि मुलगा, दोघे विरुद्ध बाजूंनी लढत मरतात. भावाच्या चितेवर मामाशेजारीच आपल्या मुलाला ठेवा, असे ती सांगते. पुढे फिनही मारला जातो आणि तिला माहेरी आणले जाते. दरबाराच्या लेखी ही डॅनिश विजयाची कथा आहे. गाणे संपते न संपते तोच राणी वेआल्थेओ पुढे येते आणि आपल्या मुलांच्या भवितव्याबद्दल बोलू लागते. ती बेओवुल्फला एक गळ्यातला अलंकार देते. तो त्याच्या हाती पडतो, इतक्यात कवी सांगून टाकतो की, हाच अलंकार घालून त्याचा मामा हिगेलाक फ्रीजियनांवरच्या स्वारीत मारला जाणार आहे. त्या स्वारीची नोंद तूरच्या ग्रेगरीच्या इतिहासातही आहे. बक्षीस आणि त्याचा पुढचा रक्तपात कवी एका दमात सांगतो, आणि हा योगायोग नाही.

ग्रेंडेलच्या आईला मारून बेओवुल्फ तळ्यातून वर येतो, तेव्हा त्याच्या हाती प्राचीन तलवारीची फक्त मूठ उरलेली असते. पाते राक्षसी रक्ताने बर्फासारखे वितळून गेले आहे. राजा ह्रोथगार ती मूठ निरखतो. तिच्यावर राक्षसकुळाचा जलप्रलयात झालेला नाश कोरलेला आहे. मग तो शाबासकीबरोबरच विजयी तरुणाला दीर्घ उपदेश करतो: बळ थोड्या काळाचे असते, नंतर आजार, तलवार, आग किंवा म्हातारपण काहीतरी गाठतेच, तेव्हा गर्वापासून जप. स्वतः त्याने पन्नास वर्षे राज्य केले आणि मग ग्रेंडेल आला. पुढे बेओवुल्फही पन्नास वर्षे राज्य करतो आणि मग ड्रॅगन येतो. कवीने दोन आयुष्ये शेजारी मांडली आहेत.

ड्रॅगनशी झुंजायला बेओवुल्फ अकरा साथीदारांसह निघतो, पण हे काम माझ्या एकट्याचे, असे बजावतो. ऐन वेळी दहा जण रानात पळतात. विग्लाफ तेवढा उभा राहतो. पळपुट्यांची तो खरडपट्टी काढतोच. राजाच्या मृत्यूनंतर मात्र तो आणखी एक गोष्ट बोलतो, आणि ती मला संपूर्ण काव्यातली सर्वांत धाडसी वाटते: एका माणसाच्या इच्छेपायी पुष्कळांना सोसावे लागते, आम्ही त्याला अडवले होते, त्याने ऐकले नाही. हे बोलणारा भित्रा नाही, शत्रू नाही. राजासाठी आगीत शिरलेला हा एकटाच माणूस आहे. टीका आणि निष्ठा एकाच तोंडून यावी, हे या कवीचे मोठेपण.

माल्डनमध्ये हाच पेच उघड्या रणात येतो. भरतीच्या पाण्यातून जाणारी अरुंद वाट तिघांनी रोखून धरली आहे. सरदार बिर्थनॉथ व्हायकिंगांना बिनविरोध पार येऊ देतो, आणि मारला जातो. कवी यासाठी त्याच्या दर्पाला बोल लावतो. त्याने न लढता त्यांना जाऊ दिले असते, तर ते दुसऱ्या किनाऱ्यावर लूट करत राहिले असते, असे काही इतिहासकार म्हणतात. त्यात तथ्य आहे, पण काव्याचा रोख त्याने बदलत नाही. गॉड्रिक धन्याच्याच घोड्यावर बसून पळतो. दुरून पाहणाऱ्यांना वाटते, सरदारच निघाला. आणि फळी मोडते. एका माणसाच्या पळण्याने सैन्य कसे कोलमडते, याचे इतके नेमके वर्णन क्वचितच वाचायला मिळते. मागे राहिलेले एकेक करून बोलतात, त्यांत डुनेरे हा साधा शेतकरीही आहे. त्याच वर्षी इंग्लंडने दहा हजार पौंड देऊन व्हायकिंगांकडून शांतता विकत घेतली.

‘बेओवुल्फ’ इतिहासाची खाण म्हणून वाचले जात होते, तेव्हा १९३६ च्या व्याख्यानात टोल्किनने ते काव्य म्हणून वाचायला शिकवले आणि राक्षसांना मध्यभागी आणले. हे ऋण मोठे आहे. पण या वाचनात एकटा वीर आणि त्याच्यासमोरचा अंधार एवढेच उरते. हिल्डेबुर्ह, वेआल्थेओ, ती घराण्यांची वैरे पार्श्वभूमीला जातात. १९७१ मध्ये जॉन गार्डनरने ग्रेंडेललाच निवेदक केले. वीराला उलटून पाहण्याची ती ताकदीची कादंबरी आहे, पण वीराबद्दलची शंका बाहेरून आणावी लागत नाही, ती मूळ काव्यातच आहे, हे तिच्या प्रभावात विसरले जाते.

शेमस हीनीने १९९९ च्या आपल्या अनुवादाच्या प्रस्तावनेत हे ओळखले. बेओवुल्फच्या चितेपाशी त्याच्याच गेआत टोळीतली एक बाई आक्रोश करते; तिला येणाऱ्या हल्ल्यांची, गुलामगिरीची भीती वाटते. हीनीला तिच्यात रवांडा आणि कोसोव्होच्या बातम्यांमधल्या बायका दिसल्या. पोथीतले ते पान अतिशय खराब झाले आहे आणि तिच्या शोकाच्या ओळी संपादकांना अक्षर अक्षर जुळवून उभ्या कराव्या लागतात. पुढच्या अभ्यासकांनी तलवारी आणि राक्षसांइतकीच मेहनत त्या पानावर घ्यावी. वीराबद्दल या कवीला काय वाटत होते, त्याचा सर्वांत स्पष्ट पुरावा तिथे आहे.