पात्रांचे नाव आणि बुद्धाचे नाव

चीनमधील प्राचीन कांस्यपात्रांच्या संग्रहपरंपरेविषयी अभ्यासक आदराने लिहितात, आणि तो आदर अस्थानी नाही. शांग व झोऊ राजवटींत पूर्वजांना अन्न व मद्य अर्पण करण्यासाठी ओतलेली ही पात्रे सोंग काळातील विद्वानांनी गोळा केली, त्यांवरील लेख वाचले. इ. स. १०९२ मध्ये ल्यू दालिन याने सिद्ध केलेल्या ‘काओगुतू’ या सूचीत दोनशेहून अधिक पात्रांची चित्रे आहेत. सोबत मोजमापे, वजन, लेखाची प्रतिकृती आणि ठाऊक असेल तेथे सापडल्याचे स्थळ व संग्राहकाचे नाव. तीन पायांचे मद्यपात्र ‘ज्युए’ या नावाने आजही ओळखले जाते, ते या विद्वानांमुळेच.

सम्राट हुइझोंगच्या आज्ञेने झालेली ‘बोगुतू’ अधिक भव्य आहे: ३० प्रकरणे, ८३९ पात्रे, सारी राजसंग्रहातील. भव्यता वाढली, चिकित्सा मात्र उणावली, असे आमचे मत आहे. होंग माय याने त्याच शतकात तिच्यातील चुकांची थट्टा केली होती. सम्राटाला पात्रांच्या इतिहासापेक्षा प्राचीन विधींचे पुनरुज्जीवन हवे होते. जुन्या नमुन्यांवरून त्याने नवी पात्रे व घंटा ओतवून घेतल्या.

याच सम्राटाने १११९ मध्ये बुद्धाचे नाव बदलले. फर्मानान्वये बुद्ध हा ताओपंथी परंपरेतील ‘सुवर्ण सिद्ध’ ठरला. भिक्खूंची उपाधी व वेशही बदलण्याचा हुकूम सुटला. कारण दिले गेले ते धम्माच्या परकेपणाचे. पुढच्याच वर्षी हे फर्मान मागे घेतले गेले. (बुद्धाला अवतार ठरवून पोटात घेण्याची रीत ज्यांना ठाऊक आहे, त्यांना यात नवल वाटणार नाही.) संग्रहाचा गौरव करणारे लेखन ही घटना धर्मेतिहासाच्या प्रकरणात टाकून मोकळे होते. वस्तुतः दोन्ही कृतींमागे प्राचीन तेवढेच आपले हा एकच आग्रह आहे. दोन हजार वर्षांपूर्वीच्या भांड्याचे नाव शोधून काढायचे आणि हयात संघाचे नाव हिरावून घ्यायचे, ही विसंगती सूचीच्या अभ्यासकाने टाळता कामा नये. धातूचा विचार केला तरी हेच दिसते: ९५५ मध्ये उत्तरकालीन झोऊ राजवटीच्या सम्राटाने कांस्याच्या बुद्धमूर्ती वितळवून नाणी पाडण्याची आज्ञा दिली होती. त्या मूर्तींची कोणी सूची केली नाही.

११२७ मध्ये जुर्चेनांनी राजधानी काइफेंग जिंकली, सम्राटाला कैद करून उत्तरेस नेले आणि राजसंग्रह विखुरला. पात्रे बहुतांशी नाहीशी झाली. ‘बोगुतू’तील चित्रे मात्र पुढच्या काळातील मुद्रित प्रतींत टिकली आहेत.