कुंपणाबाहेरचें रान

मराठी वाङ्मयांत अरण्याचें दालन समृद्ध करण्याचें श्रेय ज्या थोड्या लेखकांस द्यावें लागेल, त्यांत व्यंकटेश माडगूळकर व मारुती चितमपल्ली हीं नांवें अग्रभागीं येतात. माडगूळकरांनीं विदर्भांतील नागझिरा अभयारण्यांत मुक्काम करून 'नागझिरा' हें पुस्तक लिहिलें. वानरांच्या टोळ्यांतील सत्तासंघर्ष रंगविणाऱ्या त्यांच्या 'सत्तांतर' या कृतीस १९८३ सालीं साहित्य अकादमीचा पुरस्कार लाभला. चितमपल्ली यांनीं वनखात्याच्या नोकरींत जें पाहिलें व आदिवासींच्या तोंडून जें ऐकलें, तें 'रानवाटा', 'चकवाचांदण' आदि ग्रंथांतून मराठीस दिलें. जून २०२५ मध्यें ते निवर्तले. या दोघांच्या ऋणाची जाणीव ठेवूनच आम्ही पुढील विचार मांडीत आहों.

या वाङ्मयांतील अरण्य हें जाऊन पाहण्याचें स्थळ आहे. लेखक घर सोडतो, नाक्यापलीकडे पाऊल टाकतो, आणि तेथून पुढें राज्य प्राण्यांचें असतें; माणूस तेथें पाहुणा. नागझिऱ्यापुरतें हें चित्र यथार्थ आहे. पण सुशिक्षित वाचकानें तेंच निसर्गाचें संपूर्ण चित्र मानलें, आणि टीकाकारांनींहि त्यास तसें मानूं दिलें. रानटी जनावर अभयारण्यांत शोभतें. बाहेर दिसलें कीं तें वाट चुकलेलें किंवा घुसखोर, अशी समजूत त्यांतून पक्की झाली.

ही समजूत किती अपुरी आहे, हें पाहण्यास आम्हां संगमनेरकरांस दूर जावें लागत नाहीं. शेजारच्या अकोले तालुक्यांत कळसूबाई-हरिश्चंद्रगड अभयारण्य १९८६ पासून आहे. परंतु प्रवरेच्या खोऱ्यांतील बिबट्या त्या डोंगरांतून चुकून उतरलेला पाहुणा नव्हे. ऊसतोडणीच्या हंगामांत फडांतून त्याचे बछडे निघतात. विद्या अत्रेय व त्यांचे सहकारी यांनीं अकोल्याच्या शेतीच्या पट्ट्यांत स्वयंचलित कॅमेरे लावून केलेलें संशोधन २०१३ सालीं प्रसिद्ध झालें. जेथें दर चौरस किलोमीटरला तीनशेंच्या घरांत माणसें राहतात, तेथें शंभर चौरस किलोमीटरांत सुमारें पांच प्रौढ बिबटे व जवळजवळ तितकेच तरस वावरतात, असें त्यांत दिसून आलें. याच भागांतील बिबट्याचें भक्ष्य तपासतां, वजनानें ८७ टक्के वाटा पाळीव प्राण्यांचा आढळला. त्यांत एकट्या कुत्र्यांचा ३९ टक्के.

प्रश्न केवळ अभिरुचीचा असता, तर आम्हीं इतका आग्रह धरला नसता. 'बिबट्याला धरा आणि त्याच्या घरीं, जंगलांत, नेऊन सोडा' ही मागणी याच समजुतीचें अपत्य आहे. जुन्नर वनविभागांत २००१ नंतर शेतांतून धरलेले बिबटे जवळच्या वनांत सोडण्यांत आले. त्यापूर्वी तेथें माणसांवर वर्षाला सरासरी चार हल्ले होत. त्यानंतर ते सतरांवर गेले. अनोळखी मुलखांत सोडलेलें जनावर तेथें ठरत नाहीं. २००९ मध्यें पारनेर तालुक्यांत टाकळी ढोकेश्वरच्या विहिरींत सांपडलेल्या 'आजोबा' नामक बिबट्यास गळपट्टा बांधून माळशेज घाटांत सोडलें, तेव्हां तो सुमारें १२० किलोमीटर चालून मुंबईच्या राष्ट्रीय उद्यानापाशीं पोहोंचला. २०१४ सालीं त्याच्यावर मराठी चित्रपट निघाला. शेतांतल्या बिबट्याची दखल घेण्यांत पडदा ग्रंथांच्या पुढें गेला, हें आम्हांस येथें नमूद केलें पाहिजे.

यावर कोणी म्हणेल कीं, शहरांत दिव्याखालीं बसून 'सहजीवन' शिकविणें सोपें आहे. हा आक्षेप रास्त आहे. शेतीची वीज रात्रीं येते म्हणून काळोखांत उसाला पाणी द्यावयास जाणारा शेतकरी, आणि जिचें मूल अंगणांतून उचललें गेलें ती माता, यांच्यापुढें निसर्गप्रेमाचीं गोंडस वाक्यें म्हणणें हें क्रौर्य होय. पण म्हणूनच आम्हांस नवें वनवाङ्मय हवें आहे. गोठा चारी बाजूंनीं बंद कां करावा, मेलेलीं जनावरें व कोंबड्यांची घाण उघड्यावर टाकल्यानें कुत्रीं आणि कुत्र्यांमागें बिबट्या कसा येतो, पिंजरा लावण्यासाठीं गांव कां हट्ट धरतें, आणि वनरक्षकाची त्या रात्रीं काय अवस्था होते, हें सर्व साहित्याचे विषय आहेत. माडगूळकरांनीं वानरांच्या टोळीस जी धीराची नजर दिली, ती उसाच्या बांधावर उभ्या राहणाऱ्या लेखकास मिळाली पाहिजे.

असा लेखक बहुधा त्या शेतकऱ्यांच्याच घरांतून येईल. तो आला म्हणजे त्याच्या लेखनांत 'वनश्री' सांपडत नाहीं म्हणून आम्हीं टीकाकारांनीं त्यास दाराबाहेर ठेवूं नये.