एकविध महारेणूंची शुद्धता : एका शिखराचा अपुरा पुरावा

क्रोमॅटोग्राफीच्या आलेखावर एकच अरुंद शिखर दिसले, की कृत्रिम महारेणू ‘एकविध’ ठरविण्याचा प्रघात आपल्या प्रबंधांतून रूढ होत आहे. हा निष्कर्ष तपासून पाहणे अगत्याचे आहे. भारसरासरी व संख्यासरासरी रेणुभारांचे गुणोत्तर १.०१ असले, तरी रेणुभाराचे प्रमाण विचलन संख्यासरासरीच्या १० टक्के भरते. चौथ्या पिढीच्या पॅमॅम डेंड्रिमरचा सैद्धांतिक रेणुभार सुमारे १४,२१५ असून त्याच्या पृष्ठभागावर ६४ अमाइन गट असतात. त्यातील ११४ वस्तुमानाची एक शाखा कमी पडली, तर रेणुभारात जेमतेम ०.८ टक्के घट होते. आकारानुसार विलगीकरण करणाऱ्या जेल क्रोमॅटोग्राफीला ही उणीव जाणवत नाही. वस्तुमान वर्णपटमितीत मात्र ती स्वतंत्र शिखर म्हणून दिसू शकते. अर्थात तेथेही सर्व रेणू सारख्याच प्रमाणात आयनीभूत होत नसल्याने शिखराची उंची म्हणजे अशुद्धीचे प्रमाण नव्हे. म्हणून एन.एम.आर.द्वारे अंत्यगटांची मोजणीही आवश्यक ठरते. नाशिकच्या एखाद्या महाविद्यालयात ही उपकरणे नसतील, तर नमुना पुण्यासारख्या ठिकाणच्या सुसज्ज प्रयोगशाळेत तपासून घ्यावा. तेही अशक्य असल्यास ‘शुद्ध’ हा शब्द टाळून केवळ ‘अरुंद वितरणाचा’ असे लिहावे. दावा पुराव्याच्या पुढे जाऊ नये, हे विद्यार्थ्याला शिकविण्याची जबाबदारी मार्गदर्शकाचीच आहे.