वेळ स्वतःचा, अधिकार कोणाचा?

व्यवसायसंस्थेत काम करणाऱ्या माणसाजवळ स्वतःची अशी साधनसामग्री कोणती, असे विचारले असता विद्या, कौशल्य आणि अनुभव यांची नावे प्रथम घेतली जातात. पीटर ड्रकर (१९०९–२००५) यांनी १९६७ साली प्रसिद्ध केलेल्या 'दि इफेक्टिव्ह एक्झिक्युटिव्ह' या ग्रंथात मात्र अग्रस्थान वेळेला दिले आहे. वेळ उसना मिळत नाही, साठविता येत नाही आणि त्याला पर्यायही नाही. म्हणून कामाच्या आखणीपूर्वी वेळेची नोंद केली पाहिजे, आणि ती स्मरणावर विसंबून न करता प्रत्यक्ष कामाच्या वेळीच केली पाहिजे, असे त्यांचे प्रतिपादन आहे.

या विचाराचे महत्त्व टेलर यांच्याशी तुलना केली असता स्पष्ट होते. 'शास्त्रीय व्यवस्थापना'ची तत्त्वे टेलर यांनी १९११ साली ग्रंथरूपाने मांडली. तेथे घड्याळ निरीक्षकाच्या हाती होते व मोजला जाई तो कामगाराचा वेळ. ड्रकर यांनी तेच घड्याळ काम करणाऱ्याच्या स्वतःच्या हाती दिले. नेमून दिलेले काम नीट करणे ही कार्यक्षमता; योग्य तेच काम हाती घेऊन तडीस नेणे ही कार्यसाधकता. ही दुसरी गोष्ट उपजत देणगी नसून अभ्यासाने साध्य होणारी सवय आहे, हा या ग्रंथाचा आश्वासक विचार होय.

तथापि ग्रंथाच्या व्याख्येत आणि उदाहरणांत एक अंतर राहून गेले आहे. ज्याच्या ज्ञानामुळे वा पदामुळे संस्थेच्या कार्यात भर पडते तो प्रत्येक जण ड्रकर यांच्या मते 'एक्झिक्युटिव्ह' होय. मग त्याच्या हाताखाली एकही माणूस नसो. उदाहरणे मात्र लिंकन, जनरल मार्शल, जनरल मोटर्सचे स्लोन अशा धुरीणांची आहेत. रूझवेल्ट यांचे सल्लागार हॅरी हॉपकिन्स आजारपणामुळे थोडेच तास काम करू शकत. म्हणून त्यांनी अत्यावश्यक नसलेले सर्व काही बाजूस सारले. हे उदाहरण मनोवेधक आहे. परंतु बाजूस सारण्याचा अधिकार हॉपकिन्स यांच्यापाशी होता. वरिष्ठाने सायंकाळी पाठविलेली फाईल कनिष्ठ लेखनिकाने कशी बाजूस सारावी? वेळेची नोंद तोही ठेवील. पण त्या नोंदीतून त्याला कळेल ते एवढेच की, आपला वेळ आपला नाही.

ड्रकर यांस याची जाणीव नव्हती, असे म्हणणे अन्यायाचे होईल. पुनःपुन्हा उद्भवणारी संकटे, माणसांची अनावश्यक गर्दी, सभांचा अतिरेक आणि सदोष माहितीव्यवहार यांमुळे होणारा कालापव्यय हा व्यवस्थेचा दोष आहे, असे ते स्वच्छ सांगतात. उणीव आहे ती पुढच्या पायरीची. हा दोष ज्याला भोगावा लागतो आणि ज्याला दूर करता येतो ती माणसे बहुधा भिन्न असतात, या वस्तुस्थितीचा पुरेसा विचार ग्रंथात होत नाही.

पहिल्या प्रकरणाच्या शीर्षकानुसार कार्यसाधकता शिकता येते; समारोपाच्या शीर्षकानुसार ती शिकलीच पाहिजे. शक्यतेचे असे कर्तव्यात रूपांतर होताना अधिकाराचा प्रश्न मागे पडतो. परिणामी संस्थेचे अपयश व्यक्तीच्या आळसाच्या खाती जमा होण्याचा धोका उत्पन्न होतो. आत्मविकासाच्या नावाने पुढे जे विपुल लेखन झाले, त्यातील बऱ्याच भागास हा धोका टाळता आलेला नाही.

यावरील उतारा ड्रकर यांच्याच ग्रंथात आहे. तुमच्या कामास उपयोगी न पडता तुमचा वेळ वाया घालविणारे असे मी काय करतो, हे वरिष्ठाने सहकाऱ्यांस नियमाने व निर्भीडपणे विचारावे, असे ते सुचवितात. आमच्या मते संपूर्ण ग्रंथातील हा सर्वांत मोलाचा प्रश्न होय. व्यक्तीची शिस्त आणि संस्थेची जबाबदारी यांची गाठ येथेच पडते. जेथे हा प्रश्न विचारला जात नाही, तेथे कनिष्ठाने ठेवलेली वेळेची वही ही त्याच्या उन्नतीचे साधन न होता केवळ त्याच्या तक्रारीचा पुरावा होऊन बसते.