रमाबाई : त्याग की श्रम?

दरवर्षी २७ मेला रेवसच्या पंचक्रोशीत रमाबाई आंबेडकरांच्या स्मृतिदिनाची भाषणे होतात. १९३५ साली याच दिवशी राजगृहात त्यांचे निधन झाले. भाषणांत, गीतांत, चरित्रांत एक शब्द हमखास येतो : त्यागमूर्ती. माझा आक्षेप या शब्दालाच आहे.

रमाबाईंचे वडील भिकू धुत्रे दाभोळ बंदरात मासळीच्या पाट्या वाहत. माझी आई रेवसच्या धक्क्यावर तेच काम करी. त्या मजुरीवर मी घरातला पहिला पदवीधर झालो. आई काम करून घरी येई, मान दुखली की आमच्यावर चिडे. त्यागमूर्ती चिडत नाही. म्हणून ती लिहिणाऱ्याच्या सोयीची असते.

१९२० ते १९२३ या काळात बाबासाहेब लंडनला शिकत होते, तेव्हा मुंबईतला संसार रमाबाईंनी ओढला. पाच मुलांपैकी चार गेली. राजरत्न १९२६ साली गेला. पुढच्याच वर्षी महाडचा संग्राम उभा राहिला. डिसेंबरच्या परिषदेला जाताना मोटारवाले बहिष्कार घालतील म्हणून धरमतरचा मार्ग टाळून बाबासाहेब बोटीने दासगावला उतरले, हे आपण इतिहास म्हणून शिकवतो. त्या दिवसांत परळच्या खोलीतली चूल कशी पेटली, याला मात्र आपण इतिहास मानत नाही.

स्वतः बाबासाहेबांनी तो मानला होता. १९२८ साली ‘बहिष्कृत भारता’त ऋणाविषयी लिहिताना, आपल्या पत्नीने डोक्यावरून शेण वाहिल्याची नोंद त्यांनी केली. ऋण फेडावे लागते; त्यागाला नुसता हार घालून भागते.

कीरांच्या चरित्रात पंढरपूरचा प्रसंग आहे. रमाबाईंना दर्शनाला जायचे होते. अस्पृश्याला बाहेर उभे करणाऱ्या देवळात जायला बाबासाहेबांनी नकार दिला. आपण यात भाविक पत्नी आणि विवेकी पती पाहून पुढे जातो. पण क्रांतिकारकाच्या बायकोलाही स्वतःची इच्छा असते, मतभेद असतो, हे का लिहू नये? तिला मूर्ती केले की तिचे म्हणणे ऐकावे लागत नाही.

उर्मिला पवार व मीनाक्षी मून यांनी ‘आम्हीही इतिहास घडवला’मध्ये (१९८९) चळवळीतल्या स्त्रियांना बोलते केले. रमाबाईंना ती संधी मिळाली नाही. म्हणून त्यांच्यावर लिहिणाऱ्याची जबाबदारी वाढते.

आणि कार्यकर्त्यांचीही. मी सभेला निघतो तेव्हा घरचे सारे पत्नीवर टाकून निघतो. व्यासपीठावर मी रमाईंचा त्याग सांगतो, तेव्हा खरे तर माझ्या घरातला हिशेब लपवीत असतो.