खंड पडला तर पडला

आमच्या गंगाखेडकडे पेरणी झाल्यावर 'खंड' हा शब्द कुणी तोंडातून काढत नाही. सोयाबीन वर आलं आणि पावसानं वीस दिवस खंड पाडला, की वर्ष गेलं. चांगलं ते सगळं अखंड. सप्ताहसुद्धा अखंड हरिनामाचा. त्यामुळे मी नर्मदा परिक्रमा टप्प्याटप्प्यानं, म्हणजे खंड परिक्रमा करतोय हे कळल्यावर बाबा म्हणाले, "खंड पाडून का परिक्रमा असती? त्याला सहल म्हणतेत."

बाबांचा गुडघा गेलाय. दरवर्षी शेगावची पालखी गंगाखेडला येते तेव्हा ते वारकऱ्यांना जेवू घालतात, पण स्वतः चार-पाच दिवसांच्या वर सलग चालू शकत नाहीत. म्हणजे त्यांच्याच व्याख्येनुसार परिक्रमा त्यांच्या नशिबी नाही. मला हे पटत नव्हतं, म्हणून मी पुस्तकं उघडली.

मराठीतली परिक्रमेची पुस्तकं बहुतेक बाबांच्याच बाजूची निघाली. गोनीदांच्या 'कुणा एकाची भ्रमणगाथा'चा नायक तर नावही मागे ठेवून चालतो. जगन्नाथ कुंटे यांच्या 'नर्मदे हर हर'मध्ये थेट अश्वत्थामा भेटतो. कुंटे वाचायला लागलो की खाली ठेवता येत नाही, पण अडचण आली की मैया धावून येणार हे पन्नास पानांनंतर कळलेलं असतं. या पुस्तकांत घर म्हणजे मागे टाकायची गोष्ट. सुट्टी शिल्लक किती, घरी औषध कोण देतंय, हे प्रश्न तिथे फारसे कुणाला पडत नाहीत.

अमृतलाल वेगड यांना ते पडत असावेत. जबलपूरला चित्रकला शिकवणारा हा माणूस, शांतिनिकेतनात नंदलाल बोसांच्या हाताखाली तयार झालेला. पन्नाशीच्या तोंडावर, 1977 मध्ये ते जबलपूरहून मंडल्याकडे चालत निघाले आणि पुढे वर्षानुवर्षं, सुट्ट्या लागल्या की, तुकड्या-तुकड्यांनी चालत राहिले. 'सौंदर्याची नदी नर्मदा' हे त्यातून आलेलं पुस्तक. त्यात चमत्कार नाहीत. प्रवाहाचे रंग आहेत, धर्मशाळेतली चूल आहे, सोबत्यांची थट्टा आहे.

माझ्या मते या पुस्तकाची ताकद त्याच्या खंडांतच आहे. सलग चालणारा नदीचा प्रत्येक किनारा एकदाच बघतो. वेगड परत घरी जातात, वर्गात शिकवतात, चित्रं काढतात आणि पुन्हा येतात. मधल्या काळात नदी थांबलेली नसते. त्यांनी 1977 मध्ये तुडवलेल्या वाटेचा बराच भाग पुढे बरगी धरणाच्या पाण्याखाली गेला. पंचाहत्तरीच्या उंबरठ्यावर ते पुन्हा निघाले तेव्हा ती वाट चालण्यासाठी उरलीच नव्हती. नदी बदलते हे कळायला तिच्याकडे परत यावं लागतं.

जपानच्या शिकोकू बेटावर 88 मंदिरांची सुमारे 1,200 किलोमीटरची पायी यात्रा आहे. तीही अनेकजण टप्प्यांनी करतात. त्याला 'कुगिरी-उची' असं स्वतंत्र नाव आहे आणि ती रीतसर यात्राच मानली जाते. आपल्याकडे उलटी गंमत आहे. शिकोकूला बेटाभोवती फिरतात. इथे 1,312 किलोमीटर लांब नदीच्या दोन्ही काठांनी जायचं, पण पात्र ओलांडायचं नाही. त्यामुळे संकल्प केल्यावर ओंकारेश्वरच्या मांधाता बेटावर परिक्रमा पूर्ण होईपर्यंत पाय ठेवता येत नाही. सलग चालणाऱ्याला काही महिने थांबावं लागतं. मला या वेगानं पंधरा वर्षं लागतील.

पहिल्या टप्प्यात मी ओंकारेश्वरच्या दक्षिण काठावरून निघालो, नदी उजव्या हाताला. चार दिवसांनी नावडातोडीला पोचलो. समोर महेश्वरचा घाट दिसत होता, आणि जायचं नव्हतं. वाटेत लेप्याचा परिसर लागला. 'नर्मदा परिक्रमा : एक अंतर्यात्रा' लिहिणाऱ्या भारती ठाकूर 2005-06 मध्ये सलग चालल्या, नंतर याच भागात परत आल्या आणि मुलांसाठी शाळा उभ्या केल्या. त्यांचं पुस्तक अखंडवाल्यांच्या रांगेतलं, पण मला त्यांचं परत येणं जास्त मोठं वाटतं.

खंडाची एक उणीव मात्र मान्य करायला हवी. एका आश्रमात मी ताट पुढे केलं तेव्हा माझ्या मोबाइलमध्ये परतीचं कन्फर्म तिकीट होतं. उद्या जेवायला मिळेल का, ही धास्ती कुंट्यांच्या पानांवर आहे. वेगडांकडे ती क्वचितच जाणवते. माझ्याकडे तर नव्हतीच. टप्प्यानं चालणारा पाहुणा असतो, आणि त्यानं ते विसरू नये. पण पाहुणा म्हणून नीट बघितलेलंही खरं असू शकतं, आणि वेगडांचं पुस्तक त्याचा पुरावा आहे.

ते पुस्तक मी गावी ठेवून आलो. परवा बाबांचा फोन आला. पुस्तकाबद्दल ते काही बोलले नाहीत. नावडातोडीच्या पुढे रोज किती चालावं लागतं, एवढंच विचारलं. मी म्हटलं, "तुम्ही म्हणाल तेवढं." मग म्हणाले, "सोयाबीन निघू दे. हरभरा पेरला की आठ-दहा दिवस असतेत मोकळे."